मंगळवारची खोली

माझी बायको घर सोडून गेली त्याला पाच आठवडे झाले होते आणि मी दारू सोडली त्याला नऊ दिवस. मधल्या दिवसांत मी काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही. बायको गेली म्हणून पितो, असं मी लोकांना सांगत होतो. ती घरात होती तेव्हा कशासाठी पीत होतो, हे कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब.

मी लाकडाला पॉलिश करतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, फडक्याचा गोळा त्यात भिजवायचा आणि लाकडावर फिरवायचा. एका थराला आम्ही एक हात म्हणतो. चांगल्या टेबलाला आठ-दहा हात लागतात आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही, एवढंच काय ते शास्त्र. बाकी सगळी हमाली. दिवसभर स्पिरिटच्या वासात असतो, पण त्याला कधी तोंड लावलं नाही. दारुडा असलो तरी स्वतःचं हत्यार खाणारा कारागीर नाही मी.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी ओल्यावर हात मारला. जेवणाचं मोठं टेबल होतं, आठ माणसांचं. माझे हात थरथरत होते आणि कधी एकदा हे संपतंय आणि बाहेर पडतोय असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळ्या फळीवर सुरकुत्या. ज्याचं वर्कशॉप आहे तो मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही. तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, दोघांनी एकमेकांचं खानदान काढलं असतं आणि विषय मिटला असता. पण तसं झालं नाही. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि दुपारपर्यंत एकटा ते टेबल घासत बसला. मी बाजूला उभा. त्या दिवसापासून मी बंद केली.

बंद म्हटलं की बंद होत नाही, हे तिसऱ्या दिवशी कळलं. अंगाला दरदरून घाम, भिंतीवर नसलेल्या मुंग्या. दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हे एकट्याने निभत नाही. दारू सोडलेल्या लोकांचे गट असतात. आसपास असेल एखादा, शोधा."

"कुठं शोधू?"

"शोधा म्हणजे सापडेल," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मोबाइलवर शोधलं. एक नंबर बंद होता. दुसऱ्यावर एका बाईने मला फरशी कुठल्या रंगाची हवी ते विचारलं. आणखी कुणाला विचारणार? मला ओळखणारे जे होते, ते सगळे माझ्याच बाकावर बसून पिणारे. आंधळ्याने आंधळ्याला रस्ता विचारावा तसं ते झालं असतं.

नवव्या दिवशी शर्टाचं बटण तुटलं. हिच्या शिलाई मशीनच्या खणात सुई शोधत होतो तर रिळांच्या खाली कॅलेंडरच्या पानाचा एक तुकडा सापडला. हिचं अक्षर गोल आणि जरा मागे झुकलेलं. त्यावर लिहिलं होतं: 'मंगळवार साडेसहा. वाचनालयाच्या मागची इमारत, तळमजला, डावीकडची खोली. पिण्याच्या त्रासासाठी. घाबरायचं नाही.'

मी तिथंच जमिनीवर बसलो. म्हणजे हिने माझ्यासाठी शोधून ठेवलं होतं. सांगायची हिंमत झाली नसेल, कारण सांगायला आली असती तर मी काय बोललो असतो ते मला चांगलं माहीत आहे. तरीसुद्धा लिहून ठेवलं, आणि शेवटी मला धीर दिला. पाच आठवडे ही माझ्याशी फोनवर एक शब्द बोलली नव्हती, आणि इथं खणात माझ्यासाठी हे दोन शब्द पडून होते. मी भरपूर रडलो. मग लक्षात आलं की आज मंगळवारच आहे. दुसरा शर्ट घातला आणि निघालो.

इमारत जुन्या सरकारी कचेरीसारखी होती. तळमजल्यावर डावीकडच्या दारात एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती, चष्मा दोरीने गळ्यात. शाळेत शिकवणाऱ्या बाया लांबून ओळखू येतात. समोरचा माणूस सरळ उभा राहीपर्यंत त्या बोलत नाहीत. मी सरळ उभा राहिलो.

"नवीन ना?" त्यांनी विचारलं. "घरचे?"

मला वाटलं, काहींना दवाखान्यातून परस्पर पाठवत असतील आणि काही घरून येत असतील, त्याची चौकशी असेल.

"घरचाच," मी म्हणालो. "भरती वगैरे नाही झालो कुठं."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग "या, बसा" म्हणाल्या. सगळे त्यांना बाईच म्हणत होते.

सात प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. मधे एक टेबल, त्याला कुणीतरी ब्रशने वॉर्निश फासलेलं, कडेला ओघळ वाळलेले. मला ते बघवत नव्हतं म्हणून मी माणसांकडे बघायला लागलो. एक म्हातारे गृहस्थ, हातात घडी केलेली टोपी. एक शिंपीण, गळ्यात टेप तसाच विसरलेला. आणखी दोन-तीन बायका. यातली एकही व्यक्ती मला पिणारी वाटेना. पण माझ्याकडे बघून तरी कुणाला काय कळत होतं, असं म्हणून मी गप्प बसलो.

म्हाताऱ्यांनी सुरुवात केली. "परवा त्याने चार वेळा फोन उचलला नाही," ते म्हणाले. "मग मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून रडलो. सुनेला ऐकू नको जायला."

मी मनात म्हटलं, हे स्वतःच्या पिण्याचं सोडून पोराचं काय सांगतायत? लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण बाकी सगळे मान हलवत होते.

मग शिंपीण बोलली. तिच्या नवऱ्याची पावलं जिन्यात वाजली की तिला कळतं. "दोन्ही चपला एकदम काढल्या तर दिवस बरा गेला. भिंतीला धरून एकेक काढली, मधे थांबले, की मी मुलीला आतल्या खोलीत पाठवते आणि रेडिओ लावते. आता ते महिनाभर प्यायले नाहीत. तरी चपलांचा आवाज आला की माझा हात रेडिओकडे जातो."

मला राग यायला लागला. नवरा महिनाभर कोरडा आहे आणि ही बाई चपला मोजतेय. आणि रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. आमच्याही घरात मी आलो की रेडिओ लागायचा. मला वाटायचं, हिला गाण्यांची आवड.

"तुम्हाला काही सांगायचंय का?" बाई माझ्याकडे वळल्या. "नसेल तर नुसतं ऐका."

मी उभा राहिलो. त्यांच्यासमोर बसून बोलायची माझी तरी टाप नव्हती. "मी पॉलिशचं काम करतो," मी म्हणालो. "तेवीस-चोवीस वर्षं पितोय. आज नववा दिवस, एक थेंब नाही. मला वाटतं की आपण सगळ्यांनी दुसऱ्यांची उणीदुणी काढण्यापेक्षा आपापलं सांगावं. मी माझं सांगितलं."

शिंपिणीने आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. तिने ते मुद्दाम केलं नाही, हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, ही घरच्यांची खोली आहे."

"मी घरूनच आलोय."

"घरचे म्हणजे पिणाऱ्याच्या घरचे. आई, बाप, बायको. पिणारे गुरुवारी बसतात, वरच्या मजल्यावर." त्या थांबल्या. "तुम्हाला इथला पत्ता कुणी दिला?"

मी खिशातला तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. अक्षर बघितलं. मग लगेच, वाचून पूर्ण व्हायच्या आत, त्याची घडी घालून मला परत दिला. ओळखीचं अक्षर माणूस असंच वाचतो.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा कागद माझ्यासाठी नव्हताच. पिण्याचा त्रास म्हणजे माझं पिणं आणि हिचा त्रास. आणि 'घाबरायचं नाही' हे हिने स्वतःलाच लिहिलं होतं. इथं यायला निघताना, मशीनपाशी बसून, मी घरात नसताना. मी नऊ दिवसांचा शहाणा तो धीर आपल्या खिशात घालून आलो होतो.

"ती येते इथं?" मी विचारलं.

"इथं कोण येतं ते आम्ही सांगत नाही."

"माझी बायको आहे ती."

"म्हणूनच सांगत नाही."

आवाज चढवायची माझी सवय जुनी आहे. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्यामागे भिंतीला एक फळी होती, चहाच्या कपांची. इथं प्रत्येकाने आपला कप घरून आणून ठेवला असावा, कारण एकाचा दुसऱ्याला मेळ नव्हता. तिसरा कप निळ्या रेघेचा होता. आमच्या लग्नातल्या सहा कपांपैकी घरी आता पाचच आहेत. सहावा दोन वर्षांपूर्वी नाहीसा झाला तेव्हा मी धरून चाललो की तो मीच फोडला. तसं फोडलेलं पुष्कळ असल्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. मी हिची माफीसुद्धा मागितली होती. ही एवढंच म्हणाली होती, "असू दे."

"तो मी फोडला नव्हता," मी म्हणालो. कुणाला काही कळलं नाही. शिंपिणीला मात्र कळलं असावं, तिने कपाकडे बघितलं आणि मग मान खाली घातली.

बाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. "गुरुवारी साडेसहाला वर या," त्या म्हणाल्या. "खरंच या. आणि मी तुमच्याकडे एक मागते. मंगळवारी इकडे फिरकायचं नाही. फाटकाशी नाही, समोरच्या दुकानात नाही, रस्त्याच्या पलीकडे नाही."

"मी काय भांडायला येणार आहे का? लांबून बघेन नुसतं."

"तेच नको. आठवड्यात हा एक तास असा आहे की तिला दाराकडे कान देऊन बसावं लागत नाही." त्या जरा चपापल्या. "तिला म्हणजे कुणालाही."

मी शब्द न देताच निघालो. डोकं भणभणत होतं. स्वतःसाठी जात होती तिथं! दोन वर्षं! माझं सगळं गावासमोर मांडत होती आणि मला पत्ता नाही. रस्त्यात दारूचं दुकान लागलं, त्याच्यासमोर मी उभा राहिलो. आत जायला इतकं रास्त कारण मला कधीच मिळालं नव्हतं. आणि तिथं उभं असताना एक गोष्ट मनात आली, ती काही केल्या जाईना. दर मंगळवारी मी विचारायचो, "कुठं होतीस?" ती म्हणायची, "वाचनालयात." मी म्हणायचो, "पुस्तक कुठाय?" आणि हसायचो. एकदाही पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित तिने सांगितलंही असतं. मला तिची इतकी आठवण आली की दुकानातला माणूस "काय देऊ?" म्हणाला तेव्हा मी वळून चालायला लागलो होतो. तसाच घरी आलो.

लेक दर रविवारी फोन करते. ही तिच्याकडेच राहते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. लेकीचं बोलणं ठरलेलं: जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. त्या रविवारी ती "ठेवते" म्हणायच्या आत मी म्हणालो, "आईला एक निरोप दे. मला मंगळवारची खोली कळली आहे. चुकून कळली. मी तिकडे येणार नाही म्हणावं."

पलीकडे तिने दार लोटल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "गेल्या मंगळवारी तिला ताप होता म्हणून ती घरी होती. नाहीतर?"

"नाहीतर वाईट झालं असतं," मी म्हणालो. "म्हणूनच सांगतोय."

"बाबा, तुम्ही शब्द देताय का? तुमच्या शब्दांची आमच्याकडे रद्दी झाली आहे."

"माहीत आहे. हा एक ठेव वरती."

तोवर एक गुरुवार होऊन गेला होता. वरच्या खोलीत एक बस ड्रायव्हर सगळ्यांत जुना होता, अकरा वर्षं कोरडा. मी खाली काय दिवे लावून आलो ते सांगितल्यावर तो पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "आम्ही आधी इथं येतो, आणि खाली काय चालतं ते कळायला दोन वर्षं लागतात. काहींना कळतच नाही. तू उलटा जिना चढलास. बैस."

तिथं दिवस मोजायला शिकवतात. मी मोजायचो, पण खरं सांगायचं तर माझा आठवडा गुरुवारी संपत नव्हता, तो मंगळवारी अडायचा. मंगळवारी दुपारपासून माझं कामात लक्ष नसायचं. आता ती आंघोळ करत असेल, आता वेणी घालत असेल. साडेसहा ते साडेसात ती कुठल्या भिंतीजवळ, कुठल्या कपाने चहा पितेय, हे मला अचूक माहीत होतं. पाच आठवडे ती लेकीकडे आहे एवढंच ठाऊक होतं, ते एका परीने सोपं होतं. आता खोली होती, वेळ होती, वर्कशॉपपासून पायी पंधरा मिनिटं, आणि जायचं नव्हतं.

दुसऱ्याच मंगळवारी मिस्त्रीने त्या रस्त्यावरचं काम काढलं. वाचनालयाच्या शेजारच्या घरात दोन दारं पॉलिश करायची होती, तीसुद्धा संध्याकाळी, कारण मालक दिवसा नसतो.

"मंगळवार सोडून कधीही जातो," मी म्हणालो.

"मंगळवारी कुठं घोडं पेंड खातं?"

"खातं एवढं खरं."

मिस्त्रीने माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या जिभेवर काहीतरी आलेलं मला दिसलं, ते त्याने गिळलं आणि काम बुधवारवर टाकलं. बुधवारी ती दारं करताना खिडकीतून ती इमारत दिसत होती. बुधवारी तिथं कुणीच नसतं, तरी मी चारदा बघितलं.

असे चार मंगळवार गेले. मग एका बुधवारी लेकीचा फोन आला. तो रविवार नव्हता म्हणून मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"काही झालं नाही," ती आधीच म्हणाली. "आईला आणायला मी जाते ना गाडी घेऊन, मंगळवारी. हल्ली ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर येते. फाटकाशी उभी राहते. इकडे बघते, तिकडे बघते. मग येऊन बसते."

"घाबरत असेल. मी आलोय की काय म्हणून."

"पहिल्यांदा घाबरलीच होती. माझा हात धरला होता तिने."

"आणि आता?"

"आता मला कळत नाही, बाबा. काल गाडीत बसल्यावर म्हणाली, आले नाहीत."

"कशी म्हणाली?"

"कशी म्हणजे?"

"म्हणजे बरं झालं आले नाहीत अशी, की..."

"नुसतं म्हणाली. आले नाहीत. आणि घर येईपर्यंत काचेतून बाहेर बघत होती." लेकीने नाक ओढलं. "मला हे तुम्हाला सांगायला तिने सांगितलेलं नाही. तुम्ही यातून काही अर्थ काढू नका आणि तिकडे जाऊ तर मुळीच नका. ठेवते."

पुढचा आठवडा मी अर्थ काढण्यात घालवला. गुरुवारी ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "तू कुणाला शब्द दिलास?" मी म्हणालो, तिला. "तिने परत केलाय का?" मी म्हणालो, नाही. "मग तो तुझ्याकडेच आहे," तो म्हणाला आणि चहा ओतायला उठला. मला त्याचा संताप आला, कारण मला दुसरंच उत्तर हवं होतं.

मंगळवारी मी सकाळी दाढी केली. इस्त्रीचा निळा शर्ट काढला, तिला आवडतो तो. कामाला निळा शर्ट घालून गेलो तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आज लाकूड बघायला येणार आहे वाटतं कुणी?" मी हसलो. दिवसभर शर्टावर डाग पडू दिला नाही. सहाला मिस्त्री गेला. मी वर्कशॉपच्या पायरीवर बसलो.

साडेसात वाजले. आता खुर्च्या भिंतीला लावल्या असतील. म्हातारे टोपी घालून निघाले असतील, शिंपीण गेली असेल. आता ती फाटकाशी आली असेल. इतकी वर्षं ती दारात उभी राहिली आणि मी आलो नाही, कारण मी गुत्त्यावर बसलो होतो. आजही ती उभी होती आणि मी येत नव्हतो, आणि या वेळी पिण्याचं निमित्तसुद्धा माझ्याकडे नव्हतं. ती डावीकडे बघत असेल. मग उजवीकडे, म्हणजे माझ्या बाजूला. धावलो तर सात मिनिटांत पोचेन, असं माझे पाय मला सांगत होते. मी पायरीची कड दोन्ही हातांनी धरली आणि धरूनच ठेवली. पावणेआठला, तिची गाडी निघाली असेल असं धरून, मी हात सोडले.